दुसरं पात्र प्रेक्षकांत बसतं

९ ऑगस्ट २०१७ ला घोषणा झाली आणि ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या चाहत्यांचा जीव फोनमध्ये अडकला. न्यू जर्सीचा हा रॉक गायक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर उभा राहणार होता. एकटाच. सोबत एक पियानो, काही गिटारी, एक हार्मोनिका आणि आठवणी. खेळ आठवड्याला पाच, थिएटर साडेनऊशेच्या आसपास खुर्च्यांचं. तिकीट हवं असेल त्याने आधी नाव नोंदवायचं. नोंदवणारा खरा माणूस आहे की तिकिटं उपसणारं एखादं सॉफ्टवेअर, याची छाननी तिकीट विकणारी कंपनी करणार आणि मग निवडलेल्यांना मेसेजवर एक कोड पाठवणार. ३० ऑगस्टला विक्री सुरू होणार. कोड आला म्हणजे तिकीट मिळालं असं मुळीच नव्हतं, रांगेत उभं राहायची परवानगी तेवढी मिळाली. ज्यांना तोही आला नाही ते प्रतीक्षायादीवर गेले.

ज्या गायकाच्या मैफिलीला पन्नास-साठ हजारांची मैदानं भरतात, त्याच्यासाठी साडेनऊशे खुर्च्या म्हणजे किती थोड्या! शुभारंभाचा प्रयोग १२ ऑक्टोबरला होता आणि मुक्काम २६ नोव्हेंबरपर्यंतच जाहीर झाला होता. पुढे तो वाढला, पुन्हा वाढला, आणि १५ डिसेंबर २०१८ पर्यंत २३६ प्रयोग झाले. पण ऑगस्टमध्ये वाट पाहणाऱ्याला हे कुठे ठाऊक होतं? त्याच्या दृष्टीने सगळं मिळून जेमतेम दोन महिन्यांचं होतं आणि दार अरुंद होतं.

या लेखात मला त्या वाट पाहण्याबद्दल लिहायचं आहे. नाटकवेड्या माणसांना वाट पाहणं नवं नाही. पण एकट्या माणसाच्या संगीत प्रयोगाच्या पहिल्या रात्रीची वाट पाहणं वेगळं असतं. तिथे रंगमंचावर बोलायला दुसरं कुणी नसतं. प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला कुणी नाही, रडू आलं तर खांद्यावर हात ठेवायला कुणी नाही. ते सगळं समोरच्या अंधारातून यावं लागतं. दुसरं पात्र प्रेक्षकांत बसलेलं असतं, आणि माझी खात्री आहे की त्या पात्राची तालीम त्याच्या वाट पाहण्यातच होत असते.

आपल्याकडे एकपात्री म्हटलं की पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ' आठवते, लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' आठवतं. एकच माणूस ५२ जणांच्या अंगात शिरतो आणि वऱ्हाड विमानात बसवून देतो, ही करामत महाराष्ट्राने डोळे भरून पाहिली आहे. ब्रॉडवेचे हे संगीत एकपात्री प्रयोग मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच जातीचे. तिथे कलावंत पुष्कळदा स्वतःचीच भूमिका करतो. तिकीट काढणाऱ्याला त्याचं आयुष्य आधीच माहीत असतं. लोकांनी गाणी पाठ केलेली असतात, लग्न, घटस्फोट, व्यसन, अपयश सगळं वाचलेलं असतं. मग पाहायचं काय उरतं? ते सगळं हा माणूस आपल्यासमोर, आपल्याकडे बघून, स्वतःच्या तोंडाने कसं सांगतो, ते.

स्प्रिंगस्टीनच्या बाबतीत तर चाहत्यांच्या ज्ञानाला सीमाच नाही. १९७० च्या दशकापासूनच्या मैफिलींच्या गाण्यांच्या याद्या लोकांनी जपून ठेवल्या आहेत. तो दररोज कार्यक्रम बदलायचा. प्रेक्षक पुठ्ठ्यावर गाण्याचं नाव लिहून फलक उंच धरायचे, तो एखादा फलक उचलायचा आणि बँड ते गाणं तिथल्या तिथे वाजवायचा. ३१ जुलै २०१२ ला हेलसिंकीत तो ४ तास ६ मिनिटं गायला. असा गायक आता दररोज तेच बोलणार, तीच गाणी त्याच क्रमाने म्हणणार, दोन तासांच्या वर थोडा वेळ, आणि संपवणार. फलक नाही, फर्माईश नाही, वन्स मोअर नाही.

म्हणजे जी उत्सुकता त्यांनी चाळीस वर्षं जोपासली होती, आज कोणतं गाणं निघणार याची, तीच या खेळाने काढून घेतली. तरी ते आले. माझ्या मते इथेच चाहता आणि प्रेक्षक यांच्यातली सीमारेषा पुसली जाते. चाहत्याला नवं हवं असतं. नाटकाच्या प्रेक्षकाला तेच पुन्हा, पण आज, आत्ता, माझ्यासमोर घडायला हवं असतं. त्या दोन महिन्यांच्या प्रतीक्षेत हजारो चाहत्यांना हळूहळू नाटकाचे प्रेक्षक व्हावं लागलं. त्यांनी २०१६ मध्ये आलेलं त्याचं आत्मचरित्र पुन्हा काढून वाचलं असणार. फ्रीहोल्ड गावातलं घर, घरासमोरचा तो प्रचंड बीच वृक्ष, अबोल बाप, नाचाचं वेड असलेली आई. हे सगळं प्रयोगात येणार, याचा अंदाज पुस्तक वाचलेल्या कुणालाही बांधता येत होता.

प्रयोगाचं मूळही मैदानांच्या मानाने छोट्या दालनात होतं. १२ जानेवारी २०१७ ला, ओबामांची कारकीर्द संपायला आठवडा उरला असताना, स्प्रिंगस्टीनने व्हाइट हाउसमध्ये तिथल्या कर्मचाऱ्यांसाठी एकट्याने गाणी म्हटली, मधे मधे आत्मचरित्रातलं काही सांगितलं. एवढ्याशा दालनात, माणसांचे चेहरे दिसताहेत अशा अंतरावर, हे जमतं आहे असं त्याच्या लक्षात आलं. मग त्या आकाराची जागा शोधताना तो ४८व्या रस्त्यावरच्या वॉल्टर कर थिएटरपाशी येऊन थांबला.

या थिएटरबद्दल थोडं सांगायलाच हवं. ते १९२१ साली 'रिट्झ' या नावाने उघडलं. हर्बर्ट क्रॅप हे त्याचे वास्तुरचनाकार, आणि आजही ब्रॉडवेवरच्या कितीतरी थिएटरांवर त्यांचा हात दिसतो. मधल्या काळात तिथे रेडिओ आणि टीव्हीचे स्टुडिओ झाले, हाल झाले. १९९० मध्ये नव्याने सजवून त्याला वॉल्टर कर यांचं नाव दिलं. कर हे नाट्यसमीक्षक. ज्या समीक्षकांच्या एका लेखाने नाटकं चालायची किंवा झोपायची, त्यांच्यापैकी एकाच्या नावाचं थिएटर! पहिल्या प्रयोगाची धास्ती कुठल्या इमारतीच्या दारावरच लिहिलेली असेल तर ती इथे.

आता ब्रॉडवेची एक गोष्ट मराठी वाचकाला चमत्कारिक वाटेल. तिथे शुभारंभाचा प्रयोग हा पहिला प्रयोग नसतो. त्याआधी प्रीव्ह्यू होतात. आपल्याकडे रंगीत तालमीला ओळखीपाळखीची चार माणसं बसतात. प्रीव्ह्यूला मात्र प्रेक्षक पैसे मोजून येतात आणि त्यांना ठाऊक असतं की समोरचं नाटक अजून ओलं आहे. मोठ्या संगीत नाटकांचे प्रीव्ह्यू तीन-चार आठवडे चालतात. दिवसा गाणी कापली जातात, रात्री नव्या रूपात प्रयोग होतो. शेवटच्या काही प्रीव्ह्यूंना समीक्षक येऊन जातात, आणि शुभारंभाच्या रात्री ठरलेल्या वेळी सगळी परीक्षणं एकदम बाहेर पडतात. पूर्वी समीक्षक पहिल्याच रात्री यायचे आणि पडदा पडताच कचेरीकडे धावायचे, सकाळच्या अंकात मजकूर जायला हवा म्हणून. त्यांच्यासाठी पहिल्या रात्रीचा पडदा लवकर, साडेसहाच्या सुमारास वर जायचा. ती घाई गेली, पण लवकर पडदा उघडायची रीत पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. प्रयोगानंतर ४४व्या रस्त्यावरच्या सार्डीज हॉटेलात, भिंतीवरच्या नटनट्यांच्या अर्कचित्रांखाली बसून मंडळी मध्यरात्रीच्या अंकाची वाट पाहत बसायची. त्या प्रतीक्षेवरच अर्ध्या ब्रॉडवेच्या दंतकथा उभ्या आहेत.

स्प्रिंगस्टीनचे प्रीव्ह्यू ३ ऑक्टोबरला सुरू झाले, म्हणजे शुभारंभापर्यंत नऊच दिवस. त्या नऊ दिवसांत पाहून आलेले आणि अजून पाहायचे असलेले असे चाहत्यांचे दोन तट पडले. पाहून आलेल्यांवर मोठी जबाबदारी होती. काय सांगायचं, काय नाही? पत्नी पॅटी स्कायल्फा दोन गाण्यांपुरती येते आणि दोघं एका माइकपाशी उभी राहतात, हे सांगावं का? २०११ मध्ये गेलेला सॅक्सोफोनवाला मित्र क्लॅरेन्स क्लेमन्स याची आठवण कुठे येते, हे सांगावं का? पियानोपाशी बसून तो आईबद्दल बोलतो. आईला तेव्हा स्मृतिभ्रंश झालेला होता. हे आधी कळलेलं बरं की तिथेच कळलेलं? मला वाटतं, तिथेच कळलेलं बरं. पण ज्याला तिकीट मिळणारच नाही अशा माणसाला कुणीतरी हे सगळं सांगायला हवं, हेही तितकंच खरं आहे.

दर पहिल्या रात्री ब्रॉडवेच्या संगीत नाटकात पडदा उघडण्याआधी एक विधी होतो. समूहातल्या, म्हणजे कोरसमधल्या, ज्या कलावंताने सर्वांत जास्त ब्रॉडवे नाटकांत काम केलं असेल त्याच्या अंगावर एक झगा चढवतात. जुन्या नाटकांची चिन्हं, कापडाचे तुकडे, नावं त्यावर शिवलेली असतात. झगा घातलेला कलावंत रंगमंचाला घड्याळाच्या उलट दिशेने तीन फेऱ्या मारतो, बाकीचे हात लावून घेतात, मग तो सगळ्यांच्या रंगपटात जाऊन येतो. १९५० साली एका कोरसमधल्या नटाने एका नर्तकीचा घरात घालायचा गाउन मागून घेतला आणि 'कॉल मी मॅडम' या नव्या नाटकातल्या मित्राला शुभारंभासाठी पाठवून दिला, तेव्हापासूनची ही प्रथा. नारळ फोडून, नटराजाला फुलं वाहून आपण जे मागतो तेच ते या फेऱ्या मारून मागतात.

एकट्याच्या प्रयोगात कोरसच नाही, म्हणून झगा येत नाही. तीन फेऱ्या नाहीत, हात लावायला गर्दी नाही, रंगपटाच्या दारावर थाप मारून जाणारा सहकारी नाही. त्या रात्री सोबत कोण असतं? बाहेर फुटपाथवर उभी असलेली माणसं. ४८व्या रस्त्यावर त्यांच्या घशातून निघणारा तो लांबलचक 'ब्रूऽऽऽस', जो नवख्या माणसाला हुर्यो उडवल्यासारखा ऐकू येतो.

एकट्या शरीराची एक भीतीही असते, आणि ती चाहत्यांच्या पोटात असते. मोठ्या नाटकात अंडरस्टडी असतात, मुख्य नट आजारी पडला तर भूमिका उचलणारे. स्प्रिंगस्टीनचा अंडरस्टडी कोण होणार? घसा बसला की प्रयोग रद्द. विमानाचं तिकीट, हॉटेल, महिनाभर आधी मागितलेली रजा, सगळं त्या एका घशावर. गद्य नाटकांतही ही भीती असतेच. ७ जून २०२३ च्या दुपारी 'प्रायमा फेसी' या एकपात्री नाटकात अभिनेत्री जोडी कोमर दहाएक मिनिटांत थांबली. कॅनडातल्या वणव्यांच्या धुराने न्यूयॉर्कचं आभाळ त्या दिवशी नारिंगी झालं होतं आणि तिला श्वास घेणं कठीण जात होतं. अंडरस्टडी डॅनी आर्लिंग्टनने पहिल्यापासून सुरुवात करून प्रयोग पार पाडला. तिने ज्या हिमतीने ते केलं तिला सलाम. तरीही कोमरसाठी समुद्र ओलांडून आलेल्या एखाद्या प्रेक्षकाच्या मनात त्या दुपारी काय झालं असेल, याची कल्पना करता येते.

अंडरस्टडीवरून आठवते ब्रॉडवेची अभिनेत्री इलेन स्ट्रिच. 'इलेन स्ट्रिच अ‍ॅट लिबर्टी' हा तिचा एकटीचा प्रयोग २००१ च्या नोव्हेंबरात पब्लिक थिएटरमध्ये आला आणि २१ फेब्रुवारी २००२ ला ब्रॉडवेवर नील सायमन थिएटरमध्ये त्याचा शुभारंभ झाला. तेव्हा ती ७७ वर्षांची होती. रंगमंचावर एक उंच स्टूलवजा खुर्ची, अंगात पांढरा ढगळ शर्ट, खाली काळे घट्ट मोजे. बस. लेखनाचं श्रेय जाहिरातीत असं दिलं होतं की जॉन लाहर यांनी बांधणी केली आणि स्ट्रिचने पुनर्बांधणी केली. तिने त्यात एक हकीकत सांगितली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ती 'कॉल मी मॅडम'मध्ये नायिका एथेल मर्मनची अंडरस्टडी होती. त्याच काळात 'पॅल जोई'मध्ये तिला छोटी भूमिका मिळाली आणि त्या नाटकाचे ब्रॉडवेपूर्वीचे प्रयोग न्यू हेवनला लागले, सव्वाशे-एक किलोमीटरवर. प्रयोगाच्या अर्धा तास आधी न्यूयॉर्कच्या इम्पीरियल थिएटरात हजेरी लावायची, मर्मन ठणठणीत आहे याची खात्री करायची, आणि बर्फातून न्यू हेवन गाठायचं, कारण तिथे तिचं गाणं दुसऱ्या अंकात उशिरा होतं. मर्मन कधी आजारी पडलीच नाही.

एके काळी दुसऱ्याच्या आजारपणाची वाट पाहणाऱ्या, दुसऱ्याच्या नाटकात एका गाण्यात रात्र जिंकून नेणाऱ्या या बाईची वाट आता प्रेक्षक पाहत होते. तिच्या चाहत्यांना आणखी एक गोष्ट पाठ होती. १९७० मध्ये 'कंपनी' नाटकाची ध्वनिमुद्रिका करताना 'द लेडीज हू लंच' हे तिचं गाणं रात्रभर प्रयत्न करूनही होत नव्हतं. पेनेबेकर या दिग्दर्शकाच्या माहितीपटात ते सगळं नोंदलेलं आहे, तिचं थकणं, चिडणं, आवाज फाटणं, आणि मग दुसऱ्या वेळी येऊन ते गाणं तिने कसं जिंकलं तेही. म्हणून २००२ मध्ये नील सायमनला बसलेल्या माणसाला ते गाणं सुरू होताच बत्तीस वर्षांपूर्वीची ती रात्र आठवत होती. दारूबद्दल तिने तिथे जे उघडपणे सांगितलं, तेही त्या आठवणीवर जाऊन बसत होतं. प्रेक्षक दुसरं पात्र आहे असं मी म्हणतो ते याच अर्थाने. त्या पात्राला स्वतःची स्मृती असते. नटीने एक ओळ म्हटली की मागची दहा पानं प्रेक्षक आपल्या मनात म्हणतो.

पण या प्रकारच्या प्रतीक्षेची सर्वांत मोठी कहाणी गायिका लीना हॉर्नची आहे असं मला वाटतं, आणि तिच्यापाशी जरा जास्त रेंगाळणं मला भाग आहे.

लीना हॉर्न १९१७ साली ब्रुकलिनमध्ये जन्मली. सोळाव्या वर्षी हार्लेममधल्या कॉटन क्लबच्या कोरसमध्ये नाचायला लागली. त्या क्लबात रंगमंचावर काळे कलावंत आणि टेबलांवर गोरे गिऱ्हाईक, असा नियमच होता. १९४० च्या दशकात एमजीएम या चित्रपट कंपनीने तिच्याशी करार केला आणि मग सुरू झाली ती वेगळीच विटंबना. चित्रपटात तिची गाणी कथेपासून सुटी ठेवायची. ती एखाद्या खांबाला टेकून गाणार, कुणाशी बोलणार नाही. का, तर दक्षिणेतल्या राज्यांत चित्रपट दाखवताना तो तुकडा कापून टाकता यावा. त्या राज्यांत लोकांनी तिच्या नावाचे चित्रपट पाहिले आणि त्यांत ती नव्हतीच. पुढे १९५० च्या दशकात कम्युनिस्टांच्या नावाखाली जे बहिष्काराचं सत्र चाललं त्यातही तिचं नाव आलं. १९७० च्या आसपास थोड्याच काळात वडील, मुलगा आणि नवरा, तिघे गेले.

१९८० साली तिने निवृत्ती जाहीर केली, निरोपाचा दौराही केला. चाहत्यांनी डोळे पुसले. आणि पुढच्याच वर्षी बातमी आली की लीना हॉर्न ब्रॉडवेवर येते आहे, एकटी, मागे वाद्यवृंद आणि थोडे साथीचे कलाकार. 'लीना हॉर्न: द लेडी अँड हर म्युझिक'. १२ मे १९८१, नेडरलँडर थिएटर. हे थिएटर ४१व्या रस्त्यावर, म्हणजे नाटकवस्तीच्या दक्षिण टोकाला, गर्दीपासून थोडं बाजूला.

ज्यांनी निरोप दिला होता त्यांना आता पुन्हा स्वागताला उभं राहायचं होतं. त्यांत ब्रुकलिन आणि हार्लेमच्या कितीतरी जुन्या बायका असणार. तरुणपणी त्यांनी तिला पडद्यावर खांबाला टेकलेली पाहिलं होतं आणि आपल्यासारखी दिसणारी एक बाई इतकी सुंदर, इतकी दूर, इतकी एकटी का उभी आहे हे त्यांना नेमकं कळत होतं. त्यांची प्रतीक्षा १९८१ मध्ये सुरू झालेली नव्हती. ती १९४० च्या दशकातच सुरू झाली होती.

प्रयोगात तिने एक गोष्ट केली जी मी पुन्हा पुन्हा आठवतो. 'स्टॉर्मी वेदर' हे तिचं ओळखीचं गाणं ती दोनदा म्हणायची. एकदा आधी, पडद्यावर म्हटलं होतं तसं, गोड, आवरून धरलेलं. आणि मग उशिरा, रात्र चढलेली असताना, पुन्हा एकदा, ६३ वर्षांच्या बाईच्या सगळ्या आवाजाने. पहिल्या रात्री आलेल्यांपैकी बहुतेकांना हे माहीत नसणार. आपलं आवडतं गाणं झालं, आता संपलं, असं समजून ते मागे टेकले असतील. आणि तेच गाणं परत सुरू झालं.

थोड्या मुदतीसाठी ठरलेला तो मुक्काम ३३३ प्रयोगांपर्यंत गेला. तिला खास टोनी पुरस्कार मिळाला. शेवटचा प्रयोग ३० जून १९८२ ला झाला, तिच्या पासष्टाव्या वाढदिवशी. ज्या कापाकापीने चित्रपटांतून तिला बाहेर काढलं होतं, त्या कापाकापीला ४१व्या रस्त्यावर कात्री लावता आली नाही. तिथे तिच्याशिवाय दाखवण्यासारखं काही नव्हतंच.

आता पैशांचं बोललं पाहिजे, कारण चाहत्यांच्या वाट पाहण्यावर ब्रॉडवे चालतो आणि हा व्यवहार नेहमी सुंदर नसतो. स्प्रिंगस्टीनच्या तिकिटांची छापील किंमत ७५ पासून ८५० डॉलरपर्यंत होती. फेरविक्रीत ती हजारोंत गेली. एकूण गल्ला ११ कोटी ३० लाख डॉलरच्या आसपास झाला. २०१६ च्या डिसेंबरात अमेरिकेने तिकिटं उपसणाऱ्या सॉफ्टवेअरविरुद्ध कायदा केला होता, 'हॅमिल्टन' या संगीत नाटकाच्या तिकिटांवरून झालेला आरडाओरडा ताजा होता, म्हणून ती कोडची छाननी आली. शिवाय दर प्रयोगाला २६ तिकिटं ७५ डॉलरला ऑनलाइन सोडतीत ठेवली होती.

गिरणीत राबलेल्या, बस चालवलेल्या बापाची कहाणी ८५० डॉलर देऊन ऐकायची, यात काहीतरी सलतं. मला तर सलतं. ज्यांच्याबद्दल ती गाणी आहेत त्यांच्यातल्या कितीजणांना ती खुर्ची परवडली असेल? त्या २६ तिकिटांसाठी दररोज नाव घालणारी माणसं मला या सगळ्या कहाणीत सर्वांत जवळची वाटतात. सकाळी नाव घालायचं, निकाल पाहायचा, कामाला जायचं, पुढच्या प्रयोगासाठी पुन्हा नाव घालायचं. त्यांच्यातले कितीतरी फ्रीहोल्डच्या बाजूचेच असणार. तिथून बसने पोर्ट अथॉरिटीला उतरलं की थिएटर चालत पाच-सात मिनिटांवर. एडिसन, मेट्रोपार्कच्या स्थानकांवरून जी आगगाडी न्यूयॉर्कला जाते, जिच्यात रोज सकाळी मराठी बोलणंही कानावर पडतं, ती याच मध्य जर्सीची.

१२ ऑक्टोबर २०१७ हा गुरुवार होता. पडदा नव्हता. उघडा रंगमंच, मागची विटांची भिंत आणि नळ, हेदर वोलेन्स्की यांचं साधं नेपथ्य, नताशा कॅट्झ यांचा प्रकाश. काळ्या कपड्यांत तो चालत आला. सुरुवातीलाच त्याने कबूल केलं की ज्या कारखान्यांवर त्याने गाणी लिहिली त्यांच्या आत तो कधी काम करायला गेलाच नाही, आठवड्याचे पाच दिवस नोकरी अशी त्याने कधी केली नाही, ती आता करतो आहे. प्रेक्षक हसले. पण त्या कबुलीत पुढच्या दोन तासांचा करार होता. तुम्ही मला ओळखता असं तुम्हाला वाटतं, तर चला, नीट ओळख करून घेऊ. मैदानात हजारोंच्या आवाजात मिसळून गाणाऱ्या माणसांना इथे गप्प बसून ऐकायचं होतं. शब्द ओठांवर आलेले असताना ते गिळायचे. दोन महिन्यांची त्यांची तालीम इथे कामी आली. त्यांनी ते जमवलं, आणि परीक्षणांत कौतुक एकट्या कलावंताचं झालं. मला विचाराल तर निम्मं श्रेय खुर्च्यांवर बसलेल्यांचं होतं. जून २०१८ मध्ये त्याला खास टोनी मिळाला, आणि डिसेंबरात मुक्काम संपल्यावर चित्रित प्रयोग नेटफ्लिक्सवर आला तेव्हा ज्यांना कधीच कोड आला नव्हता त्यांनी तो घरी पाहिला.

त्यानंतर आणखी एक पहिली रात्र आली आणि तिची वाट सगळ्या शहराने पाहिली.

१२ मार्च २०२० ला करोनामुळे ब्रॉडवे बंद झालं. ४१ थिएटरं, एका दिवसात. सव्वा वर्ष लोटलं. २०२१ च्या जूनमध्ये घोषणा झाली की स्प्रिंगस्टीन पुन्हा येतो आहे, या वेळी ४४व्या रस्त्यावरच्या सेंट जेम्स थिएटरात, जिथे सतराशेच्या आसपास खुर्च्या आहेत. २६ जूनला शुभारंभ. मोठी संगीत नाटकं उभी करायला महिने लागतात. डझनावारी नट, वादक, कपडेपट, साऱ्यांना परत बोलवायचं, तालमी घ्यायच्या. एकट्याला फक्त यायचं असतं. म्हणून ब्रॉडवेचं दार पुन्हा उघडायचा मान एकपात्री प्रयोगाला मिळाला. मागच्या खेळापेक्षा यात काही गाणी नवी होती. 'अमेरिकन स्किन', पोलिसांच्या गोळीबारावरचं त्याचं जुनं गाणं, आता प्रयोगात आलं होतं, कारण मधल्या वर्षात पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू झाला होता आणि देश रस्त्यावर आला होता.

आत जायचं तर लस घेतल्याचा पुरावा दाखवायचा. शुभारंभाच्या रात्री लसविरोधक बाहेर घोषणा देत उभे होते. पण त्याच्या आधीची एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आधी नियम असा होता की फक्त अमेरिकेने मान्य केलेल्या लशी चालतील. अ‍ॅस्ट्राझेनेका त्यांत नव्हती. कॅनडात मात्र लाखो लोकांनी तीच घेतली होती, आणि त्या डोसांतले पाच लाख पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेल्या कोविशील्डचे होते, मार्च २०२१ मध्ये तिकडे पोहोचलेले. तिकीट हातात, लस दंडात, आणि दारात मात्र प्रवेश नाही, अशी कॅनडातल्या चाहत्यांची अवस्था झाली. त्यांनी आवाज उठवला. शुभारंभाला जेमतेम आठवडा उरला असताना नियम बदलला. जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेल्या लशीही चालतील असं ठरलं. पुण्यात भरलेल्या कुपीतली लस टोचून घेतलेला टोरंटोचा माणूस आता सेंट जेम्सच्या दारातून आत जाऊ शकत होता.

जमिनीवरची सरहद्द अजून बंद होती, म्हणून त्याला विमानाने जावं लागणार होतं, आधी चाचणी करून. आणि कॅनडात परतणाऱ्यांसाठीचं चौदा दिवसांचं विलगीकरण लस घेतलेल्यांनाही ५ जुलैपर्यंत लागू होतं. म्हणजे २६ जूनच्या रात्री ४४व्या रस्त्यावर हजर राहायचं, तर दोन-अडीच तासांच्या प्रयोगासाठी परतल्यावर दोन आठवडे घरात बंद राहायची तयारी हवी होती, आणि ती विमानाचं तिकीट काढण्याआधीच करायची होती.